हळदीच्या पावतीच्या प्रोग्राममध्ये खाली लिहिलेले ‘अडत’ फंक्शन पायथनमध्ये वरून बोलावता येते. तेच सी मध्ये का अडते?

फरक नाव शोधण्याच्या वेळेचा आहे: सी चा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणारे साधन) फाइल वरून खाली वाचताना फंक्शनची घोषणा वापराआधीच मागतो, तर पायथन फंक्शनच्या आतले नाव ते फंक्शन प्रत्यक्ष चालते तेव्हाच शोधतो. म्हणून सांगलीच्या बाजारासाठी लिहिलेल्या तुमच्या प्रोग्राममध्ये ‘अडत’ला बोलावणारे वरचे ‘पावती’ फंक्शन चालण्यापूर्वी ‘अडत’ची व्याख्या पार पडलेली असली, की ती खाली असली तरी पायथनची हरकत नसते, सी मध्ये मात्र ‘अडत’चा प्रोटोटाइप (म्हणजे तीच आगाऊ घोषणा) वर द्यावा लागतो. जुन्या सी मध्ये कंपायलर अशा अनोळखी फंक्शनचे उत्तर पूर्णांकच येणार असे गृहीत धरून पुढे जात असे (पैशांच्या हिशेबात ही सवलत घातकच); १९९९ च्या मानकाने ती काढून टाकली, तरी जीसीसी या सी च्या प्रचलित कंपायलरने तिला थेट चूक ठरवले ते २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीत. पायथनची मोकळीक पॅरामीटरच्या डीफॉल्ट मूल्यांना (बोलावताना किंमत दिली नाही तर वापरायच्या मूल्यांना) मात्र लागू नाही: त्याच्या अधिकृत भाषा-संदर्भानुसार ती मूल्ये फंक्शनची व्याख्या होतानाच काढली जातात, त्यामुळे त्यांत वापरलेले नाव तोवर अस्तित्वात नसेल तर प्रोग्राम तिथेच ‘नेमएरर’ (नाव सापडले नाही अशी चूक) देऊन थांबतो.