छपरावर बर्फ, बेडरूममध्ये पाणी

प्रश्न: आम्ही मिनियापोलिसला मागच्या वर्षी जुनं घर घेतलं. जानेवारीत छपराच्या कडेला हातभर बर्फाचे सुळे लटकले, मुलं एकदम खूश, पण आठवड्यात बेडरूमच्या सीलिंगवर ओले डाग आले. बाहेर उणे १५ असताना पाणी आलं कुठून? छप्पर बदलायचं का?

उत्तर: अहो थांबा, लगेच रूफरला फोन नका लावू. हे पाणी तुमच्याच हीटिंगचं. घरातली गरम हवा फटींमधून अ‍ॅटिकमध्ये (सीलिंग आणि छपरामधल्या माळ्यात) जाते, छप्पर तापतं, बर्फ खालून वितळतो आणि पाणी घरंगळत कडेला येतं, तिथे खाली गरम खोली नाही म्हणून परत गोठतं, मग त्या बांधामागे साचलेलं पाणी शिंगल्सखाली (छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखाली) शिरतं. यालाच आइस डॅम म्हणतात.

आत्ता जमिनीवर उभं राहून रूफ रेकने (लांब दांड्याच्या बर्फ ओढायच्या फावड्याने) कडेचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढा. हातोडी घेऊन शिडीवर चढायचं शौर्य नको, शिंगल्स फुटतात, वर सुळा डोक्यात. जुन्या स्टॉकिंगमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरून बांध ओलांडून कडेपर्यंत येईल असं टाकलं की पाण्याला वाट होते (साधं मीठ नको, पत्रा गंजतो, झाडं मरतात).

खरं काम उन्हाळ्यात. आधी अ‍ॅटिकच्या फटी बुजवा, दिवे, पाइप, वर जायचं झाकण सगळं, मगच इन्सुलेशन, तुमच्या थंडीला आर-४९ तरी हवंच (‘आर’ म्हणजे उष्णता अडवायचं माप). सॉफिटची, म्हणजे छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालची, हवेची छिद्रं मात्र मोकळी ठेवा. आणि बाथरूमच्या फॅनची गरम हवा अ‍ॅटिकमध्येच सोडलीय का तेही बघा, जुन्या घरांत असतं असं.