भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं वाचायला सुरुवात कुठून करू?

थेट कादंबरीवर उडी मारू नका, आधी कथा वाचा. 'अनोळखी दिशा' हा कथासंग्रह घ्या, त्याचे भाग आहेत, कुठलाही उचला. धारपांचा खरा हात कथेत दिसतो असं माझं तरी मत आहे, म्हणजे साधं घर, साधी माणसं, पगार-भाडं असल्या गप्पा चालू असतात आणि मग एखादी छोटीशी गोष्ट जराशी खटकते, बास, तिथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही.

मग समर्थांच्या कथा, म्हणजे वाईट शक्तींशी लढणारं धारपांचं ते पात्र. इथे भीती जरा कमी वाटते कारण समर्थ आले की सगळं निस्तरणार हे आपल्याला माहीत असतं, पण रात्री एकटे असाल तर हेच बरं पडतं 😄

'लुचाई' आणि 'शपथ' शेवटी ठेवा. या दोन्ही कादंबऱ्या अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून घेतलेल्या आहेत, लुचाई 'सेलम्स लॉट' वरून (१९७५) आणि शपथ 'इट' वरून (१९८६). मूळ इंग्लिश वाचलं असेल तर कथानक ओळखीचं वाटेल, तरी लुचाई वाचाच, गाव एकदम आपल्याकडचं वाटतं.

आणि हो, एकामागून एक सलग वाचू नका. मी एका मे महिन्यात लायब्ररीतून आणून आठ-नऊ संपवली आणि शेवटी शेवटी कुठे काय होणार ते आधीच कळायला लागलं, सगळी मजा गेली. मधे दुसरं काहीतरी वाचा.