वंशाचा रकाना

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे. नातीच्या शाळेच्या अर्जात वंशाचा रकाना होता आणि त्याने तेथे ‘एशियन’पुढे खूण केली. वंश ही कल्पना विज्ञानाने मोडीत काढली, असे आपण वाचतो. मग हा रकाना कशासाठी? तो कोरा सोडला तर काय बिघडेल? आणि नातीने स्वतःला कोण समजावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जीवशास्त्रापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, माणसांतील आनुवंशिक भिन्नतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आत आढळतो; वंशावंशांतला फरक त्या मानाने थोडाच. त्याच्या कितीतरी आधी आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, हे गुरूंचे गृहीतक त्यांच्या मोजमापांत टिकले नाही.

परंतु अमेरिकेतील वंश प्रयोगशाळेत नव्हे, कायद्यात घडला. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तींना नागरिकत्व देऊ केले होते आणि १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ याच कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपण उच्च जातीचे, आर्य, म्हणून कॉकेशियन (जुन्या वंशशास्त्रात युरोपीय ज्यात मोडत तो गट) आणि म्हणून गोरे, असा त्यांचा दावा होता. उच्चवर्णीय हिंदू विवाहाच्या बाबतीत भारतातील आदिवासींकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने अमेरिकी माणूस कृष्णवर्णीयांकडे पाहतो, असाही युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. (जातीचा अहंकार परदेशी न्यायालयात पुरावा म्हणून मांडला गेल्याचे इतके उघडे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.) जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांना त्याच न्यायालयाने नोव्हेंबर १९२२ मध्ये ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असे सांगून परत पाठवले होते. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी थिंड यांना ऐकवले की शास्त्रज्ञांची वर्गवारी येथे चालणार नाही. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो, तोच गोरा.

या निकालानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि कॅलिफोर्नियात त्यांना जमिनीची मालकी ठेवणे अशक्य झाले. व्यापारी वैष्णोदास बगई यांनी नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला व्हायला १९४६ साल उजाडले.

जनगणनेतही हाच गोंधळ दिसतो. १९३० आणि १९४० मध्ये भारतातून आलेल्या मुसलमान-शिखांसह सर्वांचा वंश ‘हिंदू’ नोंदवला गेला, १९७० मध्ये त्यांना गोऱ्यांत गणले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. हा शेवटचा रकाना भारतीयांच्याच संघटनेने मागून घेतला होता, कारण वेगळी मोजदाद नसेल तर भेदभाव होतो हे आकड्यांनी दाखवता येत नाही आणि अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या संरक्षणावर हक्कही सांगता येत नाही. माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

म्हणूनच रकाना कोरा ठेवण्याचा आग्रह मी धरणार नाही. शिवाय, पालकांनी वंश सांगितला नाही तर अमेरिकेतील शाळांमध्ये कर्मचारी मुलाकडे पाहून तो अंदाजाने नोंदवतात. कोऱ्या जागेत दुसऱ्याची नजर उमटणार असेल, तर आपल्या हाताने खूण केलेली बरी.

स्वतःला कोण समजावे, हे मात्र अर्जावरून ठरवायचे कारण नाही. नातीला घरातली मराठी, साताऱ्याचे आजी-आजोबा आणि न्यू जर्सीतल्या मैत्रिणी यांतून जे मिळेल ते मिळू द्यावे. ‘आपण मुळात आर्यच’ हे थिंड यांच्या वकिलांचे वाक्य तिला घरी ऐकायला मिळू नये, एवढी काळजी आपण घ्यावी. आणि शाळेत रंगावरून कोणी बोलले, तर ते ‘आपल्याला लागू नाही’ म्हणून सोडून देऊ नये, तर शिक्षकांकडे लेखी नोंदवावे, असे मुलाला व सुनेला सांगावे.