विनोदाला टेकू कशाला?

प्रश्न : रोमँटिक कॉमेडीत गमतीचा प्रसंग आला की मागे तारा टुणटुण वाजायला लागतात. माझं हसू तिथेच विरतं. आम्हाला विनोद कळणार नाही असं संगीतकाराला वाटतं का?

उत्तर : संगीतकार बिचारा सांगितलेलं करतो. भरवसा डळमळलेला असतो तो दिग्दर्शकाचा, आणि तोही तुमच्यावरचा नाही, स्वतःच्या प्रसंगावरचा. ती टुणटुण म्हणजे पिझिकाटो. व्हायोलिन-चेलोच्या तारांवर बो, म्हणजे गज, न फिरवता त्या बोटाने छेडायच्या. स्वर उमटतो आणि लगेच विझतो, म्हणून चोरपावलांचा, खोडकर भास होतो. वाद्याचा काही दोष नाही हो. पण वापरून वापरून त्याची आता ‘इथे हसा’ अशी पाटी झाली आहे.

मी पार्श्वसंगीताचं संकलन करते. संगीतकाराने दिलेला तुकडा कोणत्या फ्रेमवर सुरू करायचा, कुठे थांबवायचा, हे बघणं माझं काम. एकदा असा प्रसंग हाती आला : पहिल्या भेटीला नायक नवाकोरा शर्ट घालून आलाय, ऐटीत स्वतःबद्दल बोलतोय. नायिका सगळं ऐकून घेते आणि शांतपणे म्हणते, “मागे लेबल तसंच आहे.” पहिल्या जुळणीत या वाक्याखालीच पिझिकाटो होतं. खोलीत आम्ही पाच जण, हसलं कोणीच नाही. दिग्दर्शक म्हणाले, आवाज वाढवा. वाढवला. प्रसंग आणखीच पडला.

मग मी तो तुकडा काढूनच टाकला. तिचं वाक्य संपलं, नायकाचा हात मानेमागे गेला आणि लेबल सापडल्यावर तिथेच थिजला. शांतता. आणि आमच्यातला सगळ्यात घुम्या माणूस फिस्सकन हसला!

संगीत आलं ते त्यानंतर, लेबल काढायला ती पुढे वाकते तिथे. पियानोचे फक्त चार स्वर. आधी ते तिचं बोट कॉलरला लागताक्षणी येत होते, मी 14 फ्रेम पुढे ढकलले. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जेमतेम जास्त. पण तेवढ्यात तिची नजर बदलते. आधी नजर, मग पियानो. उलटं झालं असतं, तर पियानोनेच तिला प्रेमात पाडलं असं वाटलं असतं.

हसण्याला मोकळी जागा लागते, कारण हसणं हाही आवाजच. भरल्या थिएटरात तो पुढच्या संवादावर सांडतो. तिथे वाद्यांची भर कशाला? अपवाद एकच, प्रसंग फालतू आणि संगीत कमालीचं गंभीर. नायक फुटलेली फुलदाणी लपवतोय आणि मागे युद्धपटासारखे नगारे. हे चालतं, कारण तिथे संगीत आपल्याला डोळा मारत नाही, तेही नायकाइतकंच घाबरलेलं असतं.

प्रश्न : गाणं आधी पात्रांच्या रेडिओवर वाजत असतं आणि बघता बघता सगळा पडदा व्यापून टाकतं. हे कसं करतात?

उत्तर : रेडिओवरचं वाटावं म्हणून गाण्याचा खर्ज आणि वरची चमक छाटतात, आवाज मधल्या स्पीकरपुरता ठेवतात, खोलीची थोडी गुंज मिसळतात. मग हे सगळं हळूहळू उघडायचं आणि आवाज दोन्ही बाजूंना पसरू द्यायचा. रेडिओ त्यांचा होता, उघडलेलं गाणं आपलं. मला मात्र उलटा प्रवास जास्त आवडतो. ती निघून जाते आणि भरभरून वाजणारं गाणं आक्रसून इअरफोनमधली किरकिर होतं. फार दुष्ट युक्ती आहे, पण लागू पडते.

गाणं आधी पात्राच्या तोंडी देण्याचा फायदा बघायचा तर 1961 चा ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ बघा. हेन्री मॅन्सिनी यांनी ‘मून रिव्हर’ची चाल ऑड्री हेपबर्नच्या मर्यादित पल्ल्याच्या आवाजाला बेतून बांधली. केसांना टॉवेल गुंडाळून, खिडकीत बसून गिटारवर ती ते गुणगुणते. पुढे तीच चाल शब्दांशिवाय येत राहते, आणि आली की खिडकीतली ती आठवते.

प्रश्न : जुनी, लोकांच्या ओठांवरची गाणी घेणं हा आळस नाही का?

उत्तर : पुष्कळदा असतो. पण ‘नॉटिंग हिल’मध्ये (1999) बिल विदर्स यांचं 1971 चं ‘एन्ट नो सनशाइन’ आहे, जेमतेम दोन मिनिटांचं. तेवढ्यात विरहातला नायक बाजारातून चालत जातो आणि भोवती ऋतू पालटत जातात. एक वर्ष सरतं, संवाद नाही.

दुसरी गोष्ट, संकलनाच्या वेळी तात्पुरतं संगीत लावतात, त्याला आम्ही टेंप म्हणतो. दिग्दर्शक ते इतकं ऐकतो की पुढे दुसरं काही त्याच्या कानाला पटतच नाही. संगीतकार याच्या नावाने बोटं मोडतात आणि ते बरोबरच आहे. तरी ‘द ग्रॅज्युएट’ (1967) असाच घडला. दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी सायमन आणि गारफंकल या गायकजोडीची आधीच आलेली गाणी टेंप म्हणून लावली आणि त्यातली काही चित्रपटात कायमची राहिली. शेवटी लग्नमंडपातून पळालेले दोघं बसच्या मागच्या बाकावर धापा टाकत हसतात. बस चालू लागते, ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ सुरू होतं. दोघांच्या चेहऱ्यांवरचं हसू हळूहळू ओसरतं, आणि कोणीच काही बोलत नाही.