आठ जिल्ह्यांच्या फेरीआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. जानेवारीत तुम्ही चौघं मोटारसायकलींवर काढणार त्या फेरीचा तुझा आराखडा नीट बघितला. संभाजीनगरहून निघून जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड आणि परत घरी. साधारण ८०० किलोमीटर होतात, आणि तू तीन दिवस धरलेस. नुसती गाडी पळवायची असती तर तीन दिवस पुष्कळ झाले. पण तू ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहासाठी पैसे जमवायला निघालीस. म्हणजे गावोगाव थांबणार, बोलणार, चहाला नाही म्हणता येणार नाही. पाच दिवस धर. रजा मिळत नसेल तर दोन जिल्हे गाळ, पण रोजचा पल्ला वाढवू नकोस.

दुसऱ्याला हात द्यायला निघालेल्या माणसाला वाटेत दुसऱ्यांनीच उचलून घरी आणावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं. बाकी जे सांगतोय ते त्याच्यापोटी.

गाडीचं काम निघायच्या आदल्या दिवशी करायचं नाही. सगळे तेच करतात. मिस्त्री रात्री दहापर्यंत बसून नवी क्लच वायर टाकतो, नवे ब्रेक लायनर बसवतो आणि पहाटे तीच गाडी नांदेडच्या रस्त्याला. नवी वायर पहिल्या काही दिवसांत ताण खाऊन थोडी ढिली पडते, लायनर ड्रमला घासून बसायलाही वेळ लागतो. म्हणून सर्व्हिसिंग दोन आठवडे आधी कर आणि मग गाडी रोजच्या कामाला वापर. जे काय कुरकुरायचं ते गावातच कुरकुरू दे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं. कामातून निघालेली गाडी फेरी मारून बघितल्याशिवाय आम्ही लांबच्या मार्गाला लावत नसू. काढलेली जुनी वायर चांगली असेल तर टाकू नकोस, गुंडाळून सीटखाली ठेव.

चेन तुझी तू बघायला शीक. गाडी मधल्या स्टँडवर लाव, न्यूट्रल कर, इंजिन बंद. चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोट लावून वर उचल. बहुतेक गाड्यांना दोन-अडीच सेंटिमीटरचा खेळ असतो. तुझ्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात दिलेला आहे. मग चाक थोडं फिरव आणि पुन्हा बघ, असं चार ठिकाणी. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती लागली तर चेन नुसती आवळून भागत नाही, स्प्रॉकेटसकट (चेन फिरते त्या दातेरी चक्रांसकट) अख्खा सेट बदलायचा. मिस्त्री म्हणेल, 'ताई, अजून चालतंय की.' त्याला रोज घर ते ऑफिस दिसतंय, तुझं हिंगोली दिसत नाही.

टायरची हवा सकाळी टायर गार असताना बघ. मागं सामान बांधणार असशील तर मागच्या टायरला पुस्तकात वजनासाठी दिलेला आकडा धर, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर जाऊ नकोस. हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि पट्टा प्रत्येक वेळी लावायचा. लायसन, आरसी, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण मोबाइलची बॅटरी उतरते हे लक्षात असू दे. आणि जालन्यापर्यंत समृद्धीने जा असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस, तिथं दुचाकीला प्रवेशच नाही.

आता मला खरी धास्ती कशाची वाटते ते सांगतो. सत्काराची.

हसू नकोस. आपल्याकडं माणूस दारात आला की त्याला सोडत नाहीत. तू सांगून ठेवलेलं असतं अकरा वाजता. पाहुणे साडेबाराला येतात, अध्यक्ष त्याच्याही नंतर. मग शाल, श्रीफळ, हार, चार भाषणं, एक ग्रुप फोटो, तो नीट आला नाही म्हणून दुसरा. त्यातून जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस, कोणीतरी शेतावर चलाच म्हणून हटून बसणार. चार वाजता तुम्ही गाडीला किक मारता आणि पुढचा मुक्काम शंभर किलोमीटरवर असतो. सहाच्या सुमाराला दिवस मावळतो.

अंधार पडला की रस्त्यावर ऊस असतो. कारखान्यांचं गाळप ऐन भरात असतं. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर आलेला. मागचा लाल दिवा असला तर असतो, रिफ्लेक्टर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकून जातो. समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत ट्रक आला की दोन क्षण काहीच दिसत नाही, आणि नेमकी त्या दोन क्षणांत ट्रॉली पुढ्यात उभी राहते. समोरचा लाइट डोळ्यांवर आला तर त्याच्याकडं बघू नकोस. नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेव आणि वेग उतरव. ट्रॉलीला ओलांडायचं ते दिवसा, सरळ रस्त्यावर, दोन्ही ट्रॉल्या मोजून. पहिलीला गाठलं आणि दुसरी आहे हे नंतर कळलं, असं होता कामा नये. खाली पडलेला ऊस टायरखाली आला की चाक सरकतं.

त्या ट्रॉलीतला ऊस तोडणाऱ्यांच्याच पोरांसाठी तू निघालीस. तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत, अंतर ठेवायचं.

म्हणून नियम कर: साडेपाचला गाडी मुक्कामाला लागली पाहिजे, मग समोर आमदार असोत की सरपंच. कार्यक्रम सकाळी पोचलेल्या गावात नको, संध्याकाळी मुक्कामाच्या गावात ठेव. तिथं किती का भाषणं होईनात. शाल-नारळाचं आधीच फोनवर सांग, की त्याचे पैसे वसतिगृहाला द्या. एखादा रुसेल, रुसू दे. कोणी रक्तदान शिबिर ठेवतो म्हणाला तर गावातल्या लोकांनी द्यावं. तुम्ही रक्त दिलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. दुपारी दही-धपाटे पोटभर हाणून लगेच हँडल धरलं तर झोप येतेच, अर्धा तास सावलीला आडवं व्हा.

पैशाचं. तुझ्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोणाला दाखवू नकोस, एक रुपयासाठीही नाही. वसतिगृह चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्याचा क्यूआर छापून टाकीवर चिकटव, पैसे थेट तिकडं जाऊ देत. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळांना लागते तशीच. रोख घ्यावीच लागली तर संस्थेचं पावतीपुस्तक बरोबर ठेव आणि जागेवर पावती फाड. कोणी ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, विचारेल. संस्थेला ती मान्यता आहे का हे आधी विचारून घे, आणि रोखीत २,००० च्या वर दिलं तर ती सवलत मिळत नाही हे देणाऱ्याला सांग. पेट्रोल, जेवण, मुक्काम सगळं स्वतःच्या खिशातून. 'जमलेल्यातून पेट्रोल भागवलं' हे वाक्य एकदा गावात फिरलं की पुढच्या वर्षी दार उघडत नाही, आणि उघडू पण नये.

वसतिगृहावर जाशील तेव्हा पोरांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. काय कमी पडतंय ते तिथल्या बाईंना विचार. बहुतेक वेळा तेल, साबण, चादरी असंच काहीतरी साधं सांगतात.

तुम्ही चौघं आहात. सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या नंबरला ठेवा, म्हणजे पुढच्याला आरशात ती दिसत राहते. सगळ्यात शेवटी ज्याला पाना धरता येतो तो. दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही. मधे एसटी शिरेल एवढी जागा सोडा, ती शिरणारच. चुकामूक झाली तर परत शोधत फिरायचं नाही, आधी ठरवलेल्या पंपावर थांबायचं. १०८ नंबर चौघांच्याही तोंडपाठ पाहिजे. आणि मोकळं व्हायची सोय एसटी स्टँड किंवा पंप बघून आधीच हेरून ठेव; नाहीतर त्यापायी पाणी कमी पिशील आणि दुपारपर्यंत डोकं धरेल.

येत्या रविवारी सकाळी चौघंही गाड्या घेऊन या, मी बघतो. धुवून आणू नका. ऑइल कुठून झिरपतंय ते धुतलेल्या गाडीवर कळत नाही.

तुझा,
काका