पहिले पॉवर्ड स्पीकर जोडताना

नवे पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले स्पीकर, घेतल्याबद्दल अभिनंदन! आधी एकच केबल घ्या: एका टोकाला ३.५ मिमी पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना. मोबाइल असो वा लॅपटॉप, हेडफोन जॅक असला की काम झालं.

दोन चुका टाळा:
- वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलची वायर या स्पीकरच्या इनपुटला कधीच लावू नका. यांच्या आत अ‍ॅम्प्लिफायर आहेच, इनपुट जळू शकतं.
- मोबाइलचा आवाज कमी, स्पीकरचा फुल्ल असं नको, खरखर वाढते. मोबाइल ८०-९० टक्क्यांवर ठेवा, बाकी स्पीकरच्या बटणावर.

आणि आपली खारी हवा! रत्नागिरीत पहिल्याच पावसाळ्यात माझा डावा स्पीकर गप्प झाला होता. पिनेवर हिरवट थर चढलेला. स्पीकर बंद करून कोरड्या सुती कापडाने पुसली, लगेच वाजला. महिन्यातून एकदा पिना पुसाच. डॅक (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग आवाजात रूपांतर करणारं यंत्र) वगैरे नंतर बघू.