गावाकडून पुण्यात इंजिनिअरिंगला आलोय. दीड महिना झाला तरी वर्गात काही कळत नाही, करमतही नाही. सगळ्यांचंच असं होतं का? परत जावं का?

सगळ्यांचं होतं की नाही ते माहीत नाही. माझं झालं होतं, आणि आता दर वर्षी समोरच्या बाकांवर कुणाचं ना कुणाचं होताना दिसतं. मी करमाळा तालुक्यातली. २०१० साली मेकॅनिकलला पुण्यात आले, आणि सध्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येणं आणि ती लिस्ट नोटीस बोर्डावर लावणं, दोन्ही करून झालंय. तू बीडकडचा आहेस असं लिहिलंयस, वयानेही बराच लहान असशील, तेव्हा सरळ अरे-तुरे करते.

तू लिहिलंयस, 'दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी कच्चं, म्हणून कळत नाही.' हे अर्धंच खरं आहे. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीच होती ना? पेपरही इंग्रजीतच लिहिलेस. फक्त सर फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि तोंडाने मराठीत समजावायचे. आपलं इंग्रजी डोळ्यांनी आणि हाताने झालेलं असतं, कानाने आणि तोंडाने नाही. इथे कुणीतरी तासभर नुसतं इंग्रजीत बोलतं, आणि पहिलं वाक्य मनातल्या मनात मराठीत करेपर्यंत तिसरं येऊन गेलेलं असतं. हा कान बसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तो वर्गात बसूनच बसतो. रूमवर झोपून नाही.

माझं काय झालं ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात एका सरांनी पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात गाडीच्या सांगाड्याचा शब्द होता, मी तो 'चासिस' असा वाचला. सरांनी 'शॅसी' असं दुरुस्त केलं आणि वर काहीतरी विनोद केला, वर्ग हसला. (आमच्या गावचा गॅरेजवाला आयुष्यभर 'चेसी' म्हणत आला, त्याच्यावाचून कुणाचं अडलं नाही.) गोष्ट एवढीशीच. पण दुसऱ्या दिवसापासून मी खांबामागच्या बाकावर बसायला लागले. आमच्या वर्गात डावीकडे एक जाडजूड खांब होता, त्याच्यामागे बसलं की फळा अर्धाच दिसायचा आणि सरांना आपण अजिबात दिसायचो नाही. दोन महिने मी त्या खांबामागे काढले. अभ्यासाने माझं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं त्या खांबाने केलं.

कारण लपायची एकदा सवय लागली की माणूस सगळीकडे लपतो. प्रॅक्टिकलला मी बॅचच्या मागे उभी, रीडिंग दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवून घ्यायचं. मेसमध्ये उशिरा जायचं, म्हणजे कुणी ओळखीचं भेटणार नाही. घरून वडिलांचा फोन आला की 'जमतंय का?' 'हो, जमतंय.' पहिल्या युनिट टेस्टला मॅथ्समध्ये ३० पैकी ७ पडले, तरी 'जमतंय'. आणि दर शनिवारी स्वारगेटवरून एसटी पकडून घर. सोमवारी सकाळी पहिलंच प्रॅक्टिकल असायचं, ते दर वेळी बुडायचं. अशी हजेरी ५८ टक्क्यांवर आली आणि लिस्टमध्ये नाव लागलं.

तेव्हा तुला एकच सांगायचंय, बाकी सगळं त्यातूनच निघतं: लपू नकोस. निदान कुणा एकाला तरी दिसत राहा.

वर्गात उठून प्रश्न विचार असं मी म्हणत नाही. साठ-सत्तर पोरांसमोर उभं राहायला छाती लागते, माझीही नव्हती. पण प्रॅक्टिकलची बॅच वीस-बावीस जणांची असते, सर किंवा मॅडम टेबलापाशी मोकळे बसलेले असतात, तिथे जाऊन मराठीत विचार. शिकवणारे बहुतेक सगळे महाराष्ट्रातल्याच कुठल्यातरी तालुक्याचे असतात रे. आणि आता टेबलाच्या या बाजूने सांगते: जो पोरगा येऊन 'मॅडम, मला अगदी सुरुवातीपासूनच कळलेलं नाही' म्हणतो, त्याचा राग येत नाही, उलट तोच लक्षात राहतो. डोक्यात जातो तो सबमिशनच्या आदल्या दिवशी दहा असाइनमेंट एकदम घेऊन येणारा.

ग्राफिक्सचा तुझ्या प्रश्नात खास उल्लेख आहे, 'प्रोजेक्शन डोक्यावरून जातंय'. (प्रोजेक्शन म्हणजे वस्तू समोरून, वरून कशी दिसते ते कागदावर काढणं.) हा माझाच विषय, म्हणून जरा सविस्तर. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पोरं इथेच बिचकतात, कारण बारावीत याची काहीच तयारी झालेली नसते. मलाही वर्गात कळलं नाही. कळलं ते हॉस्टेलवर, रात्री साडेदहाला. (आमच्याकडे मुलींना गावाच्या नावानेच हाका मारायचे. मी 'करमाळा', माझी एक मैत्रीण 'लातूर'.) लातूरने काय केलं, एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि काटकोनात उघडून माझ्यासमोर धरली. एक पुठ्ठा टेबलावर आडवा, दुसरा समोर भिंतीसारखा उभा. आडवा तो एचपी (हॉरिझाँटल प्लेन), उभा तो व्हीपी (व्हर्टिकल प्लेन), मधला मणका म्हणजे एक्सवाय लाइन. आडव्या पुठ्ठ्यावर खोडरबर ठेवलं. 'आता समोरून बघ, जो आकार दिसतो तो मागच्या पुठ्ठ्यावर काढ. वरून बघ, जो दिसतो तो खालच्या पुठ्ठ्यावर काढ.' काढले. मग तिने खोडरबर उचललं आणि उभा पुठ्ठा मागे पाडून वही सपाट केली. वर फ्रंट व्ह्यू, खाली टॉप व्ह्यू, मध्ये एक्सवाय. फळ्यावर महिनाभर जे बघत होते तेच! फर्स्ट अँगल म्हणतात त्या या मांडणीत टॉप व्ह्यू खाली का येतो, हे मी तोवर नुसतं पाठ केलं होतं.

मग वही पुन्हा काटकोनात उघड आणि खोडरबराच्या जागी पेन्सिलीचा तुकडा धर, दोन्ही पुठ्ठ्यांशी तिरका. समोरून बघ, आखूड दिसतो. वरून बघ, आखूडच दिसतो. खरी लांबी कुठल्याच व्ह्यूमध्ये नाही, म्हणून ती फिरवून शोधावी लागते. प्रोजेक्शन ऑफ लाइन्सचं अख्खं प्रकरण एवढ्याचसाठी आहे. आजही मी पहिल्या तासाला वहीच घेऊन जाते, प्रोजेक्टर नंतर.

आणि जीटी मारू नकोस. कुणी अजून सांगितलं नसेल तर: ग्लास ट्रेसिंग, म्हणजे काचेखाली बल्ब लावायचा, खाली दुसऱ्याची शीट, वर आपली, आणि गिरवायचं. आम्ही दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी टाकून केलंय. पंचेचाळीस मिनिटांत शीट तयार. पण गिरवणारा चुकाही गिरवतो. एका वर्षी माझ्याकडे अकरा शीट अशा आल्या की सगळ्यांत एकाच जागची तुटक रेघ गायब. मूळ शीटवाल्याला झोप आली असणार. आमच्या वेळी जीटी होती, आता तुमच्याकडे जीपीटी आहे, आणि तिथेही हेच. समजावून घ्यायला खुशाल विचार, मराठीत विचार, चांगलं समजावतं. फक्त असाइनमेंट उतरवून काढू नकोस, कारण ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर मी बसलेली असते.

मॅथ्सबद्दल थोडंच. मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, पार्शल डिफरन्सिएशन, हे ऐकून कळत नाही आणि बघून तर त्याहून नाही. यूट्यूबवर गणित सुटताना बघितलं की आपल्याला आलं असं वाटतं, तो निव्वळ भास. मागच्या वर्षांचे पेपर घे आणि रोज चारच गणितं उत्तर न बघता हाताने सोडव. पुस्तकं नवी घ्यायची गरज नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, आणि मागच्या मालकाने समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं ते फुकट. वहीच्या मागच्या पानावर नवे इंग्रजी शब्द लिहीत जा, समोर आपल्या भाषेत अर्थ. माझ्याकडे अशी साडेतीन पानं झाली. त्यानंतर नवे शब्द फारसे आलेच नाहीत.

करमत नाही, याचं काय. इथे मला फार शहाणपण नाही, पण एक निरीक्षण आहे. सगळ्यात वाईट असते ती रविवारची संध्याकाळ. दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, लोकल मुलं घरी, आणि तू कॉटवर पडून छताचा पंखा बघतोयस. परत जायचे सगळे विचार मला त्याच वेळात आले. मग लातूर, जळगाव आणि मी, आम्ही रविवारी संध्याकाळी रूमवर हीटरच्या शेगडीवर खिचडी टाकायला लागलो (वॉर्डनला पत्ता नव्हता, तू मात्र नियम बघून काय ते कर). खिचडी कधी कच्ची, कधी करपलेली, पण आठवड्यातला एक ठरलेला माणसांतला वेळ झाला. जळगाव पुण्यातल्या पोरींसारखं फाडफाड इंग्रजी बोलायची, मला तिची भीती वाटायची. तिसऱ्या खिचडीला तिने सांगितलं की मॅथ्समध्ये तिला ३० पैकी ५ आहेत.

घरी जायचं तर दर शनिवारी नको, महिन्यातून एकदा जा. सोमवारचं प्रॅक्टिकल बुडवून नाही. मेसला खाडा, म्हणजे किती दिवस जेवायला नाहीस ते, आधी सांगून टाक. आमच्याकडे सलग तीन दिवसांचा असेल तरच पैसे वळते व्हायचे, तुझ्याकडचा नियम विचार.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस, पण गावाकडचा म्हणतोस म्हणून. महाडीबीटीचा फॉर्म भरलास का? शिष्यवृत्ती, फी सवलत, सगळं तिथूनच होतं आणि दर वर्षी नव्याने भरावं लागतं. उत्पन्नाचा दाखला काढून ठेव, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना बघ, पोरांचे पैसे तिथेच अडकतात. वडील अल्पभूधारक शेतकरी असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची चौकशी कर. अनुसूचित जातीतला असशील आणि सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं, भाडं डोईजड होत असेल तर पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात अर्ज करून बघ. ती १९५५ पासून खास खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच काम करते. कॉलेजात कमवा व शिका योजना चालते का, तेही विचार. अडलेली फी लपवून ठेवण्यात सगळ्यात जास्त पोरं बुडालेली मी बघितलीत.

सिनियर त्रास देत असतील तर तेही लपवायचं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, युजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आणि नुसतं करमत नाही एवढंच नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं काही वाईट मनात येत असेल, तर १४४१६ ला फोन कर. ते टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, रात्रीही चालतं. आणि त्याच दिवशी शेजारच्या कॉटवाल्यालाही सांग.

आता परत जावं का. माझ्या बॅचचा एक जण दिवाळीनंतर आलाच नाही, पुढच्या वर्षी त्याने बीएस्सी ॲग्रीला प्रवेश घेतला, आज मजेत आहे. त्यामुळे परत जाणं म्हणजे हरणं असं मी म्हणणार नाही. पण त्याला इंजिनिअरिंग नकोच होतं, तुला ते नको आहे असं तुझ्या प्रश्नात कुठेच दिसत नाही. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागू दे, मग ठरव. एखादा विषय राहिला तर राहिला, त्याला इथे 'बॅक' म्हणतात, मुंबईकडे 'केटी'. माझा मॅथ्स राहिला होता. दिवाळीत घरी मी शेवटी ते ७ मार्क सांगून टाकले. वडील गप्प बसले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, 'मग काय सरकार धरून नेतंय का?' पुढच्या खेपेला विषय सुटला, ५२ मार्क.

आज रात्री ती वहीची युक्ती करून बघ. खोडरबर जमलं तर काडेपेटी तिरकी ठेवून काढ. अडलास तर कुठे अडलास ते खाली लिही, मी रविवारी उत्तरं देते. आणि बारीक रेघांना २एच पेन्सिल घे, एचबीने शीट काळी करून आणलीस तर मीही परत पाठवेन.